मोठ्या कॅशचा सर्व्हर प्रोसेसर: ८० लाख सेलच्या ओपनफोम मॉडेलला खरंच उपयोग होईल का?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात (अमरावती जिल्हा) संत्र्याच्या शीतगृहातल्या हवेच्या प्रवाहाचं मॉडेल ओपनफोमवर (प्रवाहाचं गणित सोडवणारं फुकट सॉफ्टवेअर) चालतं. वरुड-मोर्शी पट्ट्यातला माल क्रेटच्या थप्प्यांनी कसा रचला म्हणजे मधल्या क्रेटपर्यंत गार हवा पोचते, हे बघायचं आहे. त्यासाठी जागेचे लहान तुकडे (सेल) पाडले आहेत; जाळी साधारण ८० लाख सेलची आहे, बहुतेक हेक्सा, म्हणजे सहा बाजूंचे. प्रेशरसाठी पीसीजी सॉल्व्हर (समीकरण फेऱ्याफेऱ्यांनी सोडवायची रीत) वापरतो. सध्याच्या मशीनमध्ये झिऑन गोल्ड ६१३० चे दोन प्रोसेसर आणि ३२ जीबीच्या चार मेमरी पट्ट्या आहेत.

नवीन एक-सॉकेटचा सर्व्हर घ्यायचं ठरतंय. कोटेशन मागवायला गेलो तर जो तो कॅशचेच (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचे) आकडे पुढे करतो. एएमडीवाला म्हणतो ११५२ एमबी, इंटेलवाला म्हणतो ५०४ एमबी. त्यातच एएमडीच्या नवीन ईपिकमध्ये ५१२ एमबी दिसतात, म्हणजे जुन्या एक्स (जादा कॅशच्या) मॉडेलपेक्षा कमी. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तोलता येतात का? कंपन्या यामागे इतक्या का लागल्या आहेत? आणि ४०० वॅटचा प्रोसेसर आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल का, तेही सांगा.

---

सातपुडा_सिलिकॉन

भाऊ, पेटीवरच्या बेरजेने फसू नका. ईपिक ९६८४एक्सचे ११५२ एमबी हे एकाच ठिकाणचे नाहीत. आत ८-८ कोअरच्या १२ चकत्या (सिलिकॉनचे वेगळे तुकडे) आहेत आणि प्रत्येक चकतीची स्वतःची ९६ एमबी एल-३ (कोअरांनी मिळून वापरायची मोठी कॅश) आहे. पहिल्या चकतीवरचा कोअर दुसऱ्या चकतीच्या एल-३ मध्ये आपला डेटा भरू शकत नाही. बारा शेतांत बारा विहिरी असाव्यात तसं हे आहे: सातबाऱ्यावर सगळ्या तुमच्या नावावर, पण मोटार ज्या विहिरीत सोडली तिचंच पाणी मिळणार. एकाच थ्रेडचं काम असेल तर तुमच्यासाठी तो ९६ एमबीचा प्रोसेसर आहे, ११५२ चा नाही.

इंटेलची रचना वेगळी आहे. तिथे एल-३ चे तुकडे कोअरच्या शेजारी पसरलेले असतात, पण मेशच्या जाळ्यातून कोणताही कोअर कोणत्याही तुकड्यापर्यंत जातो. एका कोअरला जास्त एल-३ दिसते, पण वाट लांब पडते. म्हणूनच तिथे प्रोसेसरचे भाग पाडणारी एसएनसी नावाची बायॉस सेटिंग आहे. झिऑन ६९८०पी मध्ये एसएनसी-३ लावलं की ५०४ एमबीचे १६८-१६८ चे तीन भाग होतात आणि प्रत्येक भागाची मेमरीही जवळची होते.

तेव्हा तोलायचं असेल तर प्रत्येक आकड्याला दोन प्रश्न विचारा. एका कोअरच्या हाताला किती लागते? आणि ती किती सायकलच्या अंतरावर आहे? बेरीज फक्त एका स्थितीत कामाची आहे: काम सारखे तुकडे करून सगळ्या कोअरवर वाटलेलं असेल तेव्हा. तुमचं ओपनफोम नेमकं तसलं आहे, म्हणून तुमच्यासाठी बेरजेला अर्थ आहे. गावपातळीवरच्या एखाद्या डेटाबेसला तो नाही.

---

कापूसकोंड्या

वर्धाकाठ भाऊ, तुमच्या जाळीचा हिशेब कागदावर करता येतो. करूनच बघू.

प्रेशरचं समीकरण सोडवताना एका फेरीत दर सेलमागे काय वाचलं जातं? मॅट्रिक्सचा कर्ण ८ बाइट. हेक्सा जाळीत दर सेलमागे साधारण ३ आतल्या बाजू पडतात आणि मॅट्रिक्स सममित आहे, म्हणून वरच्या अर्ध्याचे ३ गुणक, २४ बाइट. त्या बाजूंचे मालक-शेजारी पत्ते ३२-बिटमध्ये, आणखी २४. वर पीसीजीचे ५-६ व्हेक्टर, प्रत्येकी ८. सगळे मिळून धरा १०० बाइट. ८० लाख गुणिले १०० म्हणजे ८० कोटी बाइट, सुमारे ७६३ एमबी. पूर्ण केस रॅममध्ये १० जीबीच्या आसपास जात असेल, पण शेकडो वेळा पुन्हापुन्हा फिरतो तो हा ७६३ एमबीचा भाग. कॅशचा हिशेब याच्याशीच लावायचा.

आता चकत्यांत वाटा. ९६८४एक्समध्ये १२ चकत्या: प्रत्येकीला ६४ एमबी, कॅश ९६. आरामात बसतं. साधा ९६५४ घेतला तर वाटा तोच ६४, पण कॅश ३२. नाही बसत. ९३८४एक्समध्ये ३२ कोअर आणि ७६८ एमबी, पण चकत्या ८: प्रत्येकीला ९५ एमबी, कॅश ९६. काठोकाठ, आणि कॅशमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, एमपीआयचे (कोअरांमधली देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) बफर वगैरेही येतातच, म्हणजे सांडणार. अशा फिरून-फिरून वाचण्याच्या कामात थोडंसं सांडलं तरी फायदा बेताने कमी होत नाही, झपकन घसरतो. पुढच्या फेरीत जी ओळ (कॅशमधला डेटाचा तुकडा) लागणार तीच आधी बाहेर ढकलली गेलेली असते.

जीएएमजी सॉल्व्हर वापरलात तर हा हिशेब बदलतो. त्यात जाडसर जाळ्यांच्या पातळ्या असतात आणि प्रत्येक पातळीवर सेल निम्मे होत गेले तर सगळ्यांची बेरीज जवळपास दुप्पट होते. मग ९६८४एक्समध्येही सगळं मावत नाही. पण जीएएमजीला फेऱ्याही खूप कमी लागतात. तुमच्या जाळीवर पीसीजी का ठेवलंय ते एकदा तपासा. प्रोसेसर बदलण्याआधी सॉल्व्हर बदलून बघणं फुकट आहे. रिनंबरमेश (सेलना नवे क्रमांक देणारं ओपनफोमचं साधन) चालवलंय का? शेजारचे सेल मेमरीतही शेजारी आले की आहे तीच कॅश जास्त पुरते. तेही फुकट.

---

पैनगंगा

सातपुडा भाऊंनी इंटेलची बाजू थोडक्यात उरकली, तिथे भर घालतो, कारण ही चुरस नीट समजली तर कोटेशनमधला प्रत्येक आकडा कुठून आला ते कळतं.

मूळ अडचण एसरॅमची, म्हणजे कॅश ज्यापासून बनते त्या मेमरीची आहे. कॅशच्या एका बिटला ६ ट्रान्झिस्टर लागतात. ६४ एमबीला नुसत्या डेटासाठीच ३२२ कोटी. प्रोसेसरचं लॉजिक प्रत्येक नव्या पिढीत आकसतं, पण एसरॅमचा सेल आता जवळजवळ थांबला आहे. टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरमध्ये तो ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होता, ३ नॅनोमीटरच्या एन-३-ई मध्येही तेवढाच आहे. म्हणजे महागड्या नव्या प्रक्रियेवर कॅश छापायची तर पैसे नव्याचे आणि जागा जुनीच. इकडे कोअर वाढत चालले. कोअरांना डेटा पुरवायचा तर मेमरीच्या वाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत. या कात्रीतून सुटायला प्रत्येक कंपनीने वेगळी वाट धरली.

एएमडीने कॅश वरच्या मजल्यावर नेली. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ७००३एक्स मालिकेत ८ कोअरच्या चकतीवर ६४ एमबीची वेगळी पातळ चकती तांब्याला तांबं थेट जोडून बसवली. मध्ये सोल्डरचा गोळा नाही. ३२ अधिक ६४, म्हणून ९६. खूबी अशी की उंची इतकी कमी आहे की एल-३ चं अंतर जेमतेम ४ सायकलने वाढलं. वरची चकती जुन्या, स्वस्त प्रक्रियेवर करता येते: जून २०२३ च्या ९६८४एक्समध्ये कोअर ५ नॅनोमीटरचे आहेत, वरची कॅश ७ ची.

इंटेलने वर चढवण्याऐवजी आडवं पसरवलं. जानेवारी २०२३ च्या सॅफायर रॅपिड्समध्ये ६० कोअरला ११२.५ एमबी एल-३ होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या एमराल्ड रॅपिड्समध्ये ८५९२+ ला ६४ कोअर आणि ३२० एमबी. प्रक्रिया तीच, पण चारऐवजी दोनच मोठे तुकडे केले. तुकडे जोडण्यात जाणारी जागा वाचली ती कॅशला दिली. सप्टेंबर २०२४ च्या ग्रॅनाइट रॅपिड्समध्ये १२८ कोअर आणि ५०४ एमबी. इथे एक गोष्ट सुटते: यातल्या प्रत्येक कोअरला २ एमबी एल-२ (कोअरची खासगी कॅश) आहे आणि एल-३ तिची नक्कल ठेवतेच असं नाही. म्हणजे ५०४ अधिक २५६, एकूण ७६० एमबी. कापूसकोंड्या भाऊंच्या ७६३ च्या हिशेबाशी लावून बघा. शिवाय एमआरडीआयएमएम ८८०० या वेगवान मेमरी पट्ट्यांच्या १२ वाहिन्या म्हणजे कागदावर ८४५ जीबी प्रतिसेकंद. कॅशमधून सांडलं तरी मागे रुंद पाट आहे. त्यामुळे "एएमडीची कॅश मोठी, विषय संपला" हे मला पटत नाही.

इंटेलने झिऑन मॅक्समध्ये (९४८० हे त्यातलं वरचं, ५६ कोअर) ६४ जीबी एचबीएम (एकावर एक रचलेली, रुंद वाटेची मेमरी) पॅकेजमध्येच बसवून पाहिली. ती कॅश म्हणूनही लावता येते. पण एचबीएम रुंदी देते, लवकर पोचत नाही. एल-३ ची जागा ती घेत नाही. एएमडीचीही तशी एक आहे: मायक्रोसॉफ्टच्या अझूर एचबीव्ही५ साठी एचबीएम लावलेले खास ईपिक, सुमारे ७ टीबी प्रतिसेकंद. बाजारात मिळत नाही, भाड्यानेच.

पुढची चाल मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंटेलने क्लिअरवॉटर फॉरेस्टमध्ये कॅश कोअरच्या खाली नेलेली आहे: खालच्या पाट्यांवर ५७६ एमबी, त्यांच्यावर १८ए प्रक्रियेचे २८८ छोटे कोअर. एएमडीनेही डेस्कटॉपच्या ९८००एक्स३डी मध्ये, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कॅश वरून काढून कोअरखाली घातली. दोघे वेगळ्या वाटेने निघून एकाच मांडणीवर आले, कारण उष्णता वरून काढायची असते आणि कोअर वर असले की ते थेट हीटसिंकला लागतात.

आयबीएमची वाट तिसरीच आहे. टेलम या प्रोसेसरमध्ये ८ कोअरना प्रत्येकी ३२ एमबी एल-२ दिली आणि स्वतंत्र एल-३ काढूनच टाकली. एका कोअरमधून बाहेर पडलेली ओळ शेजाऱ्याच्या मोकळ्या एल-२ मध्ये ठेवतात. ८ मिळून २५६ एमबीची आभासी एल-३. बँकेच्या व्यवहारांसाठी अशी रचना फार देखणी आहे. कॉलेजला तिचा काही संबंध नाही. एआरएमवाले उलट दिशेने गेले: अँपिअरवनमध्ये कोअरमागे २ एमबी एल-२ आणि सगळ्यांत मिळून फक्त ६४ एमबी. वेब सर्व्हरच्या भाड्याच्या धंद्यात शेजाऱ्याच्या गोंधळाचा त्रास होऊ नये हे जास्त मोलाचं, आणि खासगी एल-२ ने ते साधतं.

---

वर्धाकाठ

मोठे आभार. कापूसकोंड्या दादा, रिनंबरमेश चालवत नव्हतो. जीएएमजी थप्प्यांच्या सच्छिद्र भागात अडकतं म्हणून पीसीजी ठेवलं आहे.

पैनगंगा सर, मग ९००५ मालिकेत ५१२ वरच का थांबले? आणि आमच्या जुन्या मशीनवर मोजून ठरवता येईल असं काही आहे का? साहेबांपुढे कागद ठेवावा लागतो, नुसत्या अंदाजावर मंजुरी मिळत नाही.

---

पैनगंगा

ऑक्टोबर २०२४ च्या ९००५ मालिकेत एएमडीने एक्स मॉडेल काढलंच नाही. वरच्या ९७५५ मध्ये १२८ कोअर, १६ चकत्या, प्रत्येकी ३२: एकूण ५१२. म्हणजे ती ५१२ ही साध्या कॅशची बेरीज आहे, मजला चढवलेला नाही. त्यातच ९१७५एफ नावाचं एक मॉडेल आहे: १६ चकत्या आणि प्रत्येकीवर एकच कोअर चालू. एका कोअरला अख्खी ३२ एमबी. हे कोणासाठी? ज्यांच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोअरवर मोजला जातो त्यांच्यासाठी. चिप-डिझाइनची साधनं, व्यापारी सीएफडी (प्रवाहाच्या गणिताची विकत मिळणारी सॉफ्टवेअर), डेटाबेस. तिथे परवाना प्रोसेसरपेक्षा महाग पडतो, म्हणून कमी कोअर आणि भरपूर कॅश. जुन्या ७३७३एक्स आणि ९१८४एक्सचं गणितही तेच: १६ कोअर, ७६८ एमबी. ओपनफोम फुकट आहे, तुम्ही त्या मॉडेलांकडे पाहूच नका.

तुमच्या जाळीचा १६ चकत्यांतला वाटा ४८ एमबी, कॅश ३२. ९७५५ मध्ये ती बसत नाही, पण डीडीआर५-६००० च्या १२ वाहिन्या म्हणजे ५७६ जीबी प्रतिसेकंद. बसलं तर ९६८४एक्स पुढे, जाळी सव्वा कोटीच्या पुढे गेली तर ९७५५ पुढे. तुमची जाळी वर्षभरात वाढणार आहे का, हे आधी ठरवा.

---

कापूसकोंड्या

मोजण्याआधी एक विचारतो, रागावू नका. दोन सॉकेट आणि मेमरीच्या चार पट्ट्या म्हणजे सॉकेटमागे दोन. गोल्ड ६१३० ला सॉकेटमागे ६ वाहिन्या आहेत. तुम्ही १२ पैकी ४ वाहिन्यांवर काम करताय! डीडीआर४-२६६६ ची एक वाहिनी २१.३ जीबी प्रतिसेकंद. चार म्हणजे ८५. बारा भरल्या तर २५६. तुमचा ७६३ एमबीचा भाग तिथल्या २२ एमबी कॅशमध्ये बसायचा प्रश्नच नाही, म्हणजे प्रत्येक फेरी रॅममधूनच जाते. ८० कोटी बाइट भागिले ८५ जीबी: एका फेरीला कमीत कमी ९.४ मिलिसेकंद. बारा वाहिन्यांवर ३.१. प्रत्यक्षात व्हेक्टर एका फेरीत दोन-तीनदा वाचले जातात, त्यामुळे दोन्ही आकडे मोठे निघतील, पण प्रमाण तेच राहील.

तेव्हा आधी त्याच जातीच्या आणखी आठ पट्ट्या घ्या. डीएमआय-डीकोड ही लिनक्सची आज्ञा चालवून प्रत्येक पट्टीचा भाग क्रमांक आणि रँक टिपून ठेवा आणि तशाच मागवा. सर्व्हरच्या झाकणावर कोणती खाच आधी भरायची त्याचा नकाशा असतो, त्याप्रमाणे प्रत्येक वाहिनीत एक. मेमरीचा वेग मोजणारी स्ट्रीम चाचणी आधी आणि नंतर चालवा, बायॉसमध्ये वेग २६६६ दिसतोय याची खात्री करा. साहेबांपुढे ठेवायचा पहिला कागद हाच.

नवीन सर्व्हर घेताना हीच चूक पुन्हा होऊ देऊ नका. एसपी५ (९६८४एक्स, ९७५५ चं सॉकेट) बोर्डवर १२ वाहिन्या आहेत. विक्रेते पैसे बसवायला ६४ जीबीच्या ४ पट्ट्या देतात आणि "पुढे वाढवा" म्हणतात. त्याऐवजी १६ जीबीच्या १२ घ्या. एकूण १९२ जीबी होते, तुमच्या केसला भरपूर.

---

सातपुडा_सिलिकॉन

कॅश किती लागते हे मोजायची रीत अशी. तुमच्या ६१३० मध्ये कॅश वाटून द्यायची सोय आहेच. एल-३ २२ एमबी, ११ कप्पे, म्हणजे कप्प्यामागे २ एमबी. लिनक्समध्ये रेसकंट्रोल ही फाइलसिस्टिम माउंट करा, तिच्यात एक नवीन गट बनवा, त्या गटाच्या स्कीमाटा फाइलमध्ये किती कप्पे द्यायचे तो मास्क (कप्प्यामागे एक बिट) लिहा आणि तुमच्या प्रक्रियांचे क्रमांक टास्क फाइलमध्ये टाका. मास्कमधले बिट सलग असावे लागतात, मध्ये खंड पडला तर लिहूच देत नाही. आधी माहितीच्या फोल्डरमधली शेअरेबल-बिट्स ही फाइल वाचा: त्यातले दोन कप्पे नेटवर्क आणि डिस्कचा डेटा थेट कॅशमध्ये टाकायला वापरले जातात. चाचणीत ते टाळा, नाहीतर आकडे डळमळतात.

आता ८० लाखांची जाळी घेऊन बसू नका, तिथे २ आणि २२ एमबीत फरकच दिसणार नाही. त्याच भूमितीची एक लहान जाळी करा, एका सॉकेटला साधारण दीड लाख सेल. १०० बाइटने तिचा भाग १५ एमबी होतो. सॉकेटच्या १६ कोअरवर १६ रँक (एमपीआयच्या प्रक्रिया; मेमरी पट्टीचा रँक वेगळा) बांधून ती चालवा, मग ९ कप्पे, ७, ५, ३ असे कमी करत जा आणि दर वेळी प्रेशर सॉल्व्हरचा वेळ टिपा. इथे एक अडचण आहे: ६१३० च्या पिढीत प्रत्येक कोअरला १ एमबी एल-२ आहे, १६ कोअरची १६ एमबी, आणि ती कप्प्यांच्या मोजणीत येत नाही. म्हणून १५ एमबीचा भाग एल-२ मध्येच मावून जाईल आणि आलेख सपाट येईल. त्याऐवजी त्याच जाळीचे ४ रँक ४ कोअरवर चालवा. एल-२ ४ एमबीच राहते आणि एल-३ चा गुडघा स्पष्ट दिसतो. वेळेची रेघ जिथे एकदम वर जाते तिथले कप्पे गुणिले २ एमबी, अधिक ४. ती बेरीज १५ च्या जवळ आली तर दर सेलमागे १०० बाइटचा हिशेब तुमच्या केसला लागू पडतो आणि ९६८४एक्सचा ६४ विरुद्ध ९६ हा युक्तिवाद पक्का होतो. बेरीज खूप मोठी आली तर बाकीचे फील्डही गरम भागात धरावे लागतील.

एएमडीवर हीच चाचणी झेन-२ पासून पुढे चालते. भाड्याच्या क्लाउड मशीनवर ती बहुधा बंद असते, त्या नादी लागू नका.

---

ब्रह्मपुरी४६

उष्णतेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे हाच भाग आधी बघायला लागते.

एक्स प्रोसेसरमध्ये कॅशची चकती एल-३ च्या भागावर असते आणि कोअरच्या डोक्यावर भर म्हणून कोरं सिलिकॉन बसवलेलं असते. कोअरची उष्णता त्यातून वर यायची. म्हणून वेग थोडा खाली ठेवतात: १६ कोअरचा साधा ७३एफ३ पायाभूत ३.५ गिगाहर्ट्झ, त्याच जागेचा ७३७३एक्स ३.०५. ज्या कामाला कॅश लागत नाही तिथे एक्स घेऊन उलट नुकसान. व्हिडिओचं रूपांतर, लिनपॅक, साधी वेबसाइट: कॅशने काही होत नाही.

९६८४एक्स ४०० वॅटचा आहे. बायॉसमध्ये ३२० पर्यंत खाली आणता येतो, आणि तुमच्यासारख्या मेमरीवर अडलेल्या कामात वॅट कमी केल्याने फार फरक पडत नाही. उन्हाळ्यापुरता ३२० वर ठेवा. हवेवर थंड होणाऱ्या बऱ्याच सर्व्हरमध्ये ४०० वॅटच्या प्रोसेसरला आत येणाऱ्या हवेची मर्यादा नेहमीच्या ३५ अंशांपेक्षा कमी दिलेली असते. मॅन्युअलमधला थर्मल तक्ता मागून घ्या, ऑर्डर देण्याआधी. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्रीही ३८, तर एसी लागणारच. सर्व्हर पूर्ण भारात साधारण पाऊण किलोवॅट उष्णता सोडते. एक टन एसी ३.५ किलोवॅट काढते. दीड टनाचा पुरते, पण पश्चिमेची भिंत टाळा.

खरा घोळ लाइट जाते तेव्हा होते. यूपीएसवर सर्व्हर चालू, एसी बंद. छोट्या बंद खोलीत काही मिनिटांत पारा चढते, मग प्रोसेसर स्वतःला आवरते आणि मोठ्या कॅशचा सगळा फायदा तिथेच जाते. म्हणून यूपीएसचं सिग्नल सर्व्हरला जोडा, नट हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं पॅकेज लावा, आणि लाइट गेल्यावर ५ मिनिटांत ओपनफोमला थांबून लिहायला सांगा. कंट्रोलडिक्ट या ओपनफोमच्या सेटिंग फाइलमध्ये बदललेलं वाचायची सोय चालू ठेवली तर स्टॉपॲटला राइटनाऊ लिहून ते होते, केस वाया जात नाही.

आणि राजेहो, कूलर लावू नका सर्व्हरच्या खोलीत! बोअरच्या पाण्याचा क्षार आणि ओलावा थेट बोर्डवर जाते. दमट हवेत धूळ पंख्यांच्या पात्यांवर लेपासारखी बसते. जवळपास जिनिंग असेल तर हंगामात रुईचे तंतू हीटसिंकच्या पापुद्र्यांत अडकून गालिच्यासारखा थर होते. दर महिन्याला पुढची जाळी काढून ब्लोअरने आतून बाहेर हवा मारा. पंखे हाताने धरून, फिरू न देता.

---

कापूसकोंड्या

बजेट ९६८४एक्सपर्यंत पोचलं नाही तर वापरलेला ७७७३एक्स बघा: ६४ कोअर, ७६८ एमबी, २८० वॅट, डीडीआर४-३२०० च्या ८ वाहिन्या. जुन्या एसपी३ बोर्डवर बसतो, पण एक्ससाठीचं बायॉस आधी चढवावं लागतं आणि काही बोर्डांवर ते चढवायला हाताशी साधा ७००३ चा प्रोसेसर लागू शकतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एकच लेखी विचारा: हा प्रोसेसर कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढला? काही कंपन्यांच्या मशीनमध्ये पहिल्यांदा चालू होतानाच प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो, फ्यूज जळतो. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर तो उठतच नाही आणि त्याला उपाय नाही.

८ चकत्यांमुळे ८० लाखांचा वाटा पुन्हा ९५ एमबी, काठोकाठ. क्रेटच्या थप्प्यांमधली बारीक जाळी तशीच ठेवा, छताखालची आणि भिंतीकडची मोकळी जागा जाड करा. ६० लाखांवर आणलंत तर वाटा ७२ एमबी होतो आणि बसतो.

मशीन आल्यावर बायॉसमध्ये "एल-३ ला नुमा डोमेन धरा" ही सेटिंग चालू करा (म्हणजे प्रत्येक चकती लिनक्सला वेगळा भाग म्हणून दिसते) आणि एनपीएस (सॉकेटचे किती भाग पाडायचे तो आकडा) ४ ठेवा. एलएसटोपो या प्रोसेसरचा नकाशा दाखवणाऱ्या साधनाने चकत्या नीट दिसतात का बघा. एमपीआय चालवताना रँक एल-३ प्रमाणे वाटून कोअरला बांधा, मोकळं सोडलं तर लिनक्स रँक एका चकतीवरून दुसरीवर हलवतो आणि तिथली भरलेली कॅश मागे राहते. ६४ रँक, चकतीमागे ८. तुमच्या जाळीला रँकमागे ९० हजारांच्या वर सेल येतात, ते ठीक आहे. ५० हजारांच्या खाली गेलात तर एमपीआयची देवाणघेवाणच जास्त वेळ खाईल. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणार असाल तर केव्हीएमच्या (लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन सोयीच्या) एक्सएमएलमध्ये कॅश पासथ्रू लिहा आणि व्हीसीपीयू (आभासी कोअर) चकतीनुसार पिन करा, कारण एरवी पाहुण्या मशीनला खोटीच एल-३ दिसते आणि तिथून पुढचं सगळं बांधणं चुकतं.

---

वर्धाकाठ

आठ पट्ट्यांची मागणी आजच टाकतो, त्याच भाग क्रमांकाच्या. रिनंबरमेशने आताच एक केस लावली आहे. ४ रँकची कप्प्यांची चाचणी झाली की आलेख इथेच टाकतो. सातपुडा दादा, मास्क ९ कप्प्यांचा लिहिताना शेअरेबलचे दोन वरच्या टोकाला दिसताहेत, म्हणजे खालचे ९ घेतले तर चालेल ना?

---

सातपुडा_सिलिकॉन

हो, खालचे ९, सोळाच्या पद्धतीत १एफएफ. आणि मूळ गटाचा मास्कही आवरा, नाहीतर बाकीच्या प्रक्रिया तुमच्या कप्प्यांत शिरतात: त्याला वरचे २ द्या, ६००. दोन्ही सॉकेटसाठी लिहा, ० आणि १.